राणीच्या पायांना तूप

काय सांगू, ही गोष्ट निघाली की मी आजही कानकोंडी होते. पण आमच्या मंगळवार पेठेतल्या अर्ध्या लोकांना ती माहीतच आहे, मग तुम्हीच का मागे राहायचं?

तेव्हा मी सातवीत होते. एसटीडी बूथसमोरच्या कट्ट्यावर संध्याकाळी दाजीकाका गवळी म्हैस घेऊन यायचे. गिऱ्हाईक समोर उभं आणि धार थेट पेल्यात. फेसाच्या मिश्या लागलेली ती माणसं, ओल्या वैरणीचा तो वास… अजून तिथून जाताना माझे पाय उगाच रेंगाळतात.

म्हशीला पान्हा फुटावा म्हणून काका आधी तिचं रेडकू लावायचे. त्या रेडकाचं नाव राणी. बिचारीनं चार घोट घेतले की तिला ओढून खांबाला बांधायचे. तिचे पुढचे पाय जरा वाकडे होते. एकदा काका सहज म्हणाले, "हिचं पाय सुधारलं न्हाईत तर इकावी लागंल."

त्या दिवशी मी पेला अर्धाच पिऊन परत दिला.

त्याच आठवड्यात विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं, की वाढत्या प्राण्यांच्या हाडांना ड जीवनसत्त्व लागतं आणि ते स्निग्ध पदार्थांत विरघळतं. झालं! मला सगळं उलगडलं. धारेचं पहिलं दूध पातळ आणि शेवटचं दाट, हे काकाच सांगायचे. म्हणजे राणीला पातळ आणि सगळी साय आमच्या पोटात!

हे काकांना सांगायचं? कोणी, मी? हजेरी देताना माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नसे. म्हणून मी न बोलता उपाय सुरू केला. आईच्या बरणीतलं तूप चपातीला थापायचं, गुंडाळी फ्रॉकच्या खिशात घालायची आणि काका धार काढायला बसले की राणीला चारायची.

घरी बरणी भराभर उतरू लागली. बाबांना डॉक्टरांनी तूप बंद केलेलं, त्यामुळे आईचा संशय त्यांच्यावर. बाबा देवाची शपथ घेत होते आणि मी मान खाली घालून भात चिवडत होते.

तिकडे राणीला हगवण लागली. काकांनी पेंड बदलली. मग दृष्ट काढली, गळ्यात काळा दोरा बांधला. म्हशीलाच काहीतरी झालंय म्हणत गिऱ्हाइकं पुढच्या कट्ट्याकडे वळली. आणि राणीचे पाय? ते आणखीच लटपटू लागले. मग मी काय केलं असेल?

बरोबर. तूप दुप्पट केलं.

शेवटी काकांनी जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी शेण पाहिलं, पाय चाचपले आणि विचारलं, "हिला तूप-तेल कोण चारतंय?"

"सायेब, आमच्याच ताटात तूप न्हाय, हिला कुठलं घालू?" काका म्हणाले. जमलेले सगळे हसले.

तेवढ्यात तपासणीसाठी सोडलेली राणी उठली, लटपटत गर्दीतून माझ्यापाशी आली आणि तिनं सगळ्यांदेखत माझ्या खिशात तोंड खुपसलं.

काका तो तुपकट खिसा बघतच राहिले. "तू व्हय गं? बोलायची लाज वाटती, आन् तूप चारायची वाटत न्हाय व्हय?"

मी कशीबशी पुटपुटले, की पुस्तकात तसं लिहिलंय.

डॉक्टर रागावले नाहीत. वाढत्या जनावराला चरबी लागते, हे खरं, म्हणाले. पण अती झाली की ती पोटातच कॅल्शियमला धरून बसते आणि दोन्ही शेणावाटे बाहेर, हाडांपर्यंत काही पोचतच नाही. तूप बंद करा, हिला उन्हात मोकळी सोडा. काकांनी ऐकलं. दोन महिन्यांत राणीचे पाय धड झाले आणि तिला विकायची भाषा कुणी पुन्हा काढली नाही.

पण त्या दिवशी जाता जाता डॉक्टरांनी मला विचारलंच, "एवढं वाचलंस, तर चरबी जास्त झाल्यावर काय होतं ते नव्हतं का पुस्तकात?"

होतं ना. अगदी पुढच्याच परिच्छेदात. पण 'परीक्षेला नाही' म्हणून बाईंनी त्यावर फुली मारायला लावली होती, आणि वर्गात माझ्याइतकं बाईंचं ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.