गोणीच्या तळातली मूठ

आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त जागा खातात ते किस्से! सर्व्हर भरला की जुन्या फाइली काढून टाकता येतात, किस्से कोण काढणार? चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "ते बॅकअपचं सांग ना!"

तर, बडोद्याच्या रावपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. मालक जिग्नेशभाई, मीनल आणि मी. जिग्नेशभाई आमच्याशी मराठी बोलतात, पण घाबरले किंवा वैतागले की गुजराती! क्लाउडवर भाड्याने मशीनं घ्यायची आणि त्यांवर लोकांची बिलं, वेबसाइट, रेकॉर्डिंग सांभाळायची, हा आमचा धंदा. ही मशीनं दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. ती नेमकी असतात कुठे, याचं मला अजूनही कुतूहल आहे.

*

त्या कुतूहलापायीच एकदा विचारलं, "आपला बॅकअप कुठे असतो?"

"छे ने! आहे की!" जिग्नेशभाई म्हणाले.

"पण क्यां छे? कुठे?"

त्यांनी मीनलकडे पाहिलं. मीनलने शोधलं. बॅकअप होता, रोज होत होता, अगदी वेळेवर. ज्या मशीनचा होता, त्याच मशीनवर!

जिग्नेशभाई म्हणाले, "म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून आपण रोज कुलूप लावतोय."

*

मग बाहेर जागा शोधायला लागलो. एक कंपनी इतकी स्वस्त निघाली की मला राहवेना. "एवढं स्वस्त कसं परवडतं तुम्हाला?"

सेल्समन आधी नुसता हसला. खोदून विचारल्यावर कळलं, ठेवायला स्वस्त, पण परत मागितलं की अर्धा दिवस लागणार आणि त्याचे पैसे वेगळे!

जिग्नेशभाई म्हणाले, "आ तो मारा ससरा जेवुं छे! अगदी माझ्या सासऱ्यांसारखं, ठेवून घेतील, पण परत मागायचं नाही."

*

डभोईचे हर्षदभाई धान्याचे व्यापारी, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा हिशेब आमच्याच मशीनवर, म्हणून निवडीच्या दिवशी त्यांनाही बोलावलं. ती स्वस्त आणि एक महाग, अशा दोन कंपन्यांचे सेल्समन रंगीत तक्ते दाखवत होते. हर्षदभाई गहू घेताना गोणीतले वरचे दाणे बघतच नाहीत, तळातली मूठ काढायला लावतात. इथेही तेच!

"एम नहीं. काढी बतावो." तक्ते नकोत, काढून दाखवा!

महागवाल्याने नमुन्यादाखल दिलेलं त्यांचं जुनं बिल वीस मिनिटांत परत आणून दाखवलं. स्वस्तवाला म्हणाला, "आमचं संध्याकाळपर्यंत येईल."

"तो सांजे आवजो!" हर्षदभाई म्हणाले. मग तुम्हीही संध्याकाळीच या!

शेवटी आम्ही दोन्ही घेतले. रोज लागणारं महागवाल्याकडे, जुनं आणि क्वचित लागणारं स्वस्तवाल्याकडे. आणि तेव्हापासून दर शनिवारी आम्ही मूठ काढतो, म्हणजे बॅकअपमधली कुठलीही एक फाइल परत आणून उघडून बघतो.

*

पहिलीच मूठ उघडेना! मीनलने सुरक्षिततेसाठी बॅकअपला पासवर्डचं कुलूप घातलं होतं. पासवर्ड एका फाइलमध्ये नीट लिहून ठेवला होता. ती फाइल बॅकअपमध्ये गेली होती.

"मग मूळ फाइल कुठे आहे?" मी विचारलं.

"ती मी डिलीट केली. बॅकअप आहेच ना!"

सगळे बॅकअप नव्याने घ्यावे लागले. आता तो पासवर्ड कागदावर लिहून जिग्नेशभाईंच्या तिजोरीत ठेवलाय.

*

आता सुलभाताई. निवृत्त शिक्षिका. बडोद्यातल्या जुन्या माणसांना बोलतं करून त्यांनी बारा वर्षं रेकॉर्डिंग केलं. ताई प्रश्न विचारायच्या, त्यांचे यजमान शेजारी रेकॉर्डर धरून बसायचे. स्वतः एक शब्द बोलायचे नाहीत. तीन वर्षांपूर्वी ते गेले. ताईंच्या घरची डिस्कही बिघडली, तेव्हापासून ते सगळं रेकॉर्डिंग फक्त आमच्याकडे.

एकदा मीनल म्हणाली, "ताई, मधला मधला खोकला कापला तर फाइली लहान होतील. ठेवायचा खर्चही कमी."

"खोकला ह्यांचा आहे," ताई म्हणाल्या. "जागा कमी पडत असेल तर माझे प्रश्न काप."

*

आणि मग तो सोमवार. खर्च कमी करायचा म्हणून जिग्नेशभाई सकाळी स्वतःच बसले आणि वापरात नसलेली मशीनं काढून टाकू लागले. त्यात एक ताईंचं होतं. कायमचं गेलं!

"मरी गया!" एवढंच म्हणाले आणि डोकं धरून बसले.

ताईंचा बॅकअप स्वस्तवाल्याकडे. आणि खरं सांगते, तिथली मूठ आम्ही एकदाही काढली नव्हती. काढायचे पैसे वेगळे पडतात म्हणून! शेवटी मीच ताईंना फोन केला आणि झालं ते सगळं सांगितलं.

त्या रिक्षाने आल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "किती वेळ लागेल?" एवढंच विचारलं.

"संध्याकाळपर्यंत."

बाकावर बसून राहिल्या. जेवायलाही उठल्या नाहीत. जिग्नेशभाई तीनदा माफी मागून आले, मग त्यांच्याशेजारीच बसले.

साडेपाचला मीनल ओरडली, "ताई, आलं! सगळ्या फाइली मोजल्या, एकही कमी नाही!"

"मोजू नकोस," ताई म्हणाल्या. "खंडेराव मार्केटच्या भाजीवाल्या मासींची लाव. सतरावं मिनिट."

मासी वांग्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या. मध्येच कुणीतरी खोकलं. दोनदा.

ताईंनी हात वर केला. मीनलने रेकॉर्डिंग थांबवलं. ताई जिग्नेशभाईंकडे वळल्या आणि त्यांच्याच गुजरातीत चहा मागितला.

"हवे चा पिवडावो, भाई."