सव्वादहाची चादर

जमिनीवर राहणाऱ्या माणसांची इतकी मनापासून कीव करणारा माणूस मी आमच्या साडूंखेरीज दुसरा पाहिलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते विमान चालवायचे. राहायला पुण्यात, पण सुट्टी मिळाली की नगरला, सावेडीत सासूबाईंच्या बंगल्यावर हजर. मी सावेडीतच राहतो, स्कूटर चालवतो आणि विमानाला घाबरतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मला माफ केल्या होत्या. घरात त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात, अगदी सासूबाईसुद्धा. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण मला कोणी भूगोल म्हणत नाही.

कॅप्टनना उडण्याचं वेड इतकं की सुट्टीच्या दिवशीही ते उडायचे. हलवाई सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या दुकानात जाऊन जिलबी खात बसेल का? हे बसायचे. स्वतःच्या खिशातून पुणे-नागपूरचं तिकीट काढायचं, डावीकडची खिडकीची सीट मिळवायची, गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा अडकवायचा आणि निघायचं. नागपूरला उतरून विमानतळावरच संत्रा बर्फी घ्यायची आणि पुढच्या विमानाने परत. नागपूर शहर त्यांनी अजून पाहिलेलं नाही. ड्यूटीवर असताना मात्र कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम होता. तेव्हा ते फक्त माईकवरून सांगायचे, डाव्या हाताला अहिल्यानगर, तो गोल दिसतोय तो भुईकोट किल्ला, आणि उन्हाळा असला तर, सगळा मुलूख करपलेला असताना ते हिरवं दिसतंय ते हिवरे बाजार. उजव्या हाताचे प्रवासी कंपनीकडे तक्रार करायचे की आम्हाला काही दिसत नाही.

फोटो त्यांनी हजारोंनी काढले, पण सगळे वरून. माणूस समोर उभा असला की त्यांचा कॅमेरा चालत नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात ते मंगल कार्यालयाच्या गॅलरीत जाऊन उभे राहिले होते. त्या अल्बममध्ये फेटे आहेत, टकलं आहेत, अंबाडे आहेत. नवरी कुठली ते अक्षता कोणत्या दिशेला चालल्यात त्यावरून ओळखायचं. एकदा त्यांनी आपल्या मामांच्या वास्तुशांतीला मामांच्याच गावाचा वरून काढलेला फोटो मोठा करून, फ्रेम घालून नेला. गाव खूश झालं. हे देऊळ, ही विहीर, ही शाळा असं बोटं लावून झालं. मग मामांच्या शेजारच्या शेतकऱ्याने एका रेषेवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "ह्यो बांध हितं वाकडा कसा काय दिसतोय? मागल्या साली तर सरळ हुता." वास्तुशांतीचं जेवण त्या दिवशी साडेचारला झालं, कारण यजमानांसकट सगळी मंडळी टेप घेऊन शेतात गेली होती. मामांनी तो फोटो लावला, पण भिंतीकडे तोंड करून.

इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत कॅप्टन विमानांवर लिहायचे. श्रीगोंद्याच्या एका आजोबांनी पत्र पाठवून विचारलं, विमानाला हॉर्न असतो का. कॅप्टननी त्यावर दोन रविवार लिहिलं. असतो, पण तो खाली उभ्या असलेल्या मेकॅनिकला हाक मारायला, हे त्यांनी दुसऱ्या रविवारी सांगितलं. मराठीत लिहायचं तर शब्दही मराठीच हवा, यावर ते अडून बसायचे. टर्ब्युलन्सपाशी त्यांचं घोडं चार महिने अडलं. शब्दकोशात 'क्षुब्धता' मिळाला, तेव्हा असल्या शब्दाने विमान हलणार नाही, मंत्रिमंडळ हलेल, असं म्हणून त्यांनी तो सोडून दिला. शेवटी सासूबाईंनी गहू निवडता निवडता निकाल दिला. "त्याला गचकं म्हनायचं. पाथर्डीच्या यष्टीत दुसरं काय बसतंय?" त्यानंतर लेखांतून ढगातले गचके, डोंगरावरचे गचके, मोकळ्या आभाळातले गचके असे प्रकार सुरू झाले, आणि ते वाचूनच मी विमानात कधीही न बसण्याचं नक्की केलं.

आता चादरीचं सांगतो. पुण्याहून नागपूरला निघालेलं विमान बारा-तेरा मिनिटांत नगरच्या बाजूने जातं. एका उन्हाळ्यात सासूबाईंनी गच्चीवर पांढऱ्या चादरीवर कुरडया घातल्या होत्या आणि कॅप्टनच्या फोटोत सावेडीच्या जागी एक पांढरा कण सापडला. त्या कुरडयाच आहेत असं त्यांनी जाहीर केलं. तिथून पुढे सुट्टीच्या उड्डाणाआधी विमानतळावरून फोन यायचा, "आई, सव्वादहा." एवढंच. की सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, चादर घेऊन गच्चीवर. चादरीच्या चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायच्या. त्या वाहून न्यायचं काम माझं. चादरीशेजारी त्या डोक्यावरून पदर घेऊन उभ्या राहायच्या, कारण वरून लोक बघत्यात. कुरडयांचा हंगाम असो नसो, चादर पडायचीच. कॅप्टनना त्या चादरीशेजारी सासूबाई दिसायला हव्या होत्या. दुपारी नागपूरहून निकाल कळायचा. आज ढग आले, आज पंख मध्ये आला, आज धुरकट होतं. दहा वर्षांत सासूबाई काही फोटोत आल्या नाहीत. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

वैमानिकाची दर सहा महिन्यांनी डॉक्टरी तपासणी होते. तिच्याआधी महिनाभर कॅप्टन दुधी भोपळ्यावर राहायचे आणि पुरणपोळी समोर आली की उठून दुसऱ्या खोलीत जायचे. गेल्या वर्षीच्या तपासणीत हृदयाच्या आलेखात काहीतरी निघालं. मोठे डॉक्टर झाले, त्यांच्याहून मोठे झाले, आणि शेवटी विमान चालवायचं नाही, असा शिक्का बसला. निवृत्तीला अजून काही वर्षं होती. त्यांनी ते आम्हाला विमान उशिरा सुटणार असल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं. कॅमेरा कपाटात गेला. लिखाण थांबलं. पुरवणीचे संपादक मला फोन करून विचारायला लागले. सावेडीला आले की कॅप्टन खिडकीकडे पाठ करून बसायचे, आणि सव्वादहाला वरून आवाज आला की टीव्हीचा आवाज वाढवायचे. बातम्या त्यांना आवडत नाहीत हे मला माहीत होतं. मला ते बघवत नसे.

एकदा मी म्हटलं, प्रवासी म्हणून बसायला तर कोणाची मनाई नाही, काढा तिकीट. त्यांनी टीव्ही बंद केला. "पूर्वी मी सुट्टीवर असायचो," ते म्हणाले. "आता नुसता प्रवासी."

उपाय सुचला तो सासूबाईंना. मला चहा देताना त्या म्हणाल्या, "तुमी जावा नागपूरला. फोटू काढा. मी त्यांना गच्चीत नेते." मी त्यांना माझं बीपी सांगितलं, पोट सांगितलं, वय सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "धा वर्सं इटा वाहिल्या न्हवं तुमी? मग कशापायी वाहिल्या ते वरून बघा तरी एकदा."

तर मी गेलो. डावीकडची खिडकी, गळ्यात कॅप्टनचा कॅमेरा, जो माझ्या मेहुणीने कपाटातून गुपचूप काढून दिला होता. विमान उडाल्यावर काही वेळाने गचके बसले आणि शब्द अगदी बरोबर आहे हे पटलं. मग खाली किल्ला दिसला, खरोखरच गोल. त्यापुढे मात्र तीस वर्षांचा भूगोल मला सोडून गेला. सगळी घरं सारखीच दिसायला लागली. सावेडी असावी अशा दिशेला लेन्स धरून मी बटण दाबत राहिलो, निम्म्या वेळा डोळे मिटून. नागपूरहून बर्फी घेतली आणि परत बसने आलो.

इकडे गच्चीवर काय झालं ते बायकोने सांगितलं. गुडघा दुखतोय, चादरीचा एक कोपरा धरा, असं सांगून सासूबाईंनी कॅप्टनना वर नेलं होतं. वर गेल्यावर म्हणाल्या, तुमचा फोटू निघतोय. कोण काढतंय, असं त्यांनी विचारलं, आणि माझं नाव ऐकून कित्येक महिन्यांनी ते मोठ्याने हसले. मग घड्याळ पाहिलं, विमानाला चार मिनिटं उशीर आहे म्हणाले, चादर नीट ताणून घेतली आणि खिशातून कंगवा काढून केस विंचरले. विमान दिसेनासं होईपर्यंत दोघं तिथे उभे होते.

फोटो कॅप्टननी कॉम्प्युटरवर घातले. बऱ्याच फोटोंत पंख होता, काहींत माझा गुडघा होता. एकात सावेडी निघाली. ते ती मोठी करत गेले, इतकी मोठी की शेवटी पडद्यावर चार-पाच चौकोन उरले. त्यातल्या दोनांवर त्यांनी बोट ठेवलं. "ह्या आई," ते म्हणाले, "आणि हा मी."

मी भूगोलाचा मास्तर आहे. ते चौकोन सासूबाईंच्या बंगल्याच्या दोन गल्ल्या पलीकडचे आहेत आणि बहुतेक कोणाच्या तरी पाण्याच्या टाकीचे आहेत. मी ते कोणालाही सांगितलेलं नाही. पुरवणीत पुन्हा लेख यायला लागलेत. पहिला लेख खालून वर बघणाऱ्यांवर होता आणि त्यात विटा वाहणाऱ्या एका भित्र्या साडूचा उल्लेख होता. कॅप्टन सावेडीत असले की सव्वादहाला दोघं आता गच्चीत जातात आणि वरून चाललंय ते कुठल्या जातीचं विमान आहे ते कॅप्टन सासूबाईंना सांगतात. तो फोटो फ्रेम घालून बैठकीत लावलाय, तोंड भिंतीकडे नाही, खोलीकडे करून. विमानातून काढलेल्या हजारो फोटोंत माणसं असलेला हा एकच, असं कॅप्टन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि मी मान डोलावतो.