सूर्यमाळची नवरी आणि घासणारं चाक

जव्हारच्या आमच्या गॅरेजात एक जुना डबा आहे. कुठल्या गाडीचे ते आठवत नाही असे नट-बोल्ट त्यात पडून असतात. किश्श्यांचंही तसंच होतं. पण नीलेशच्या गाडीचे सगळे किस्से मला नटासकट आठवतात. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

नीलेश इथेच एका ऑफिसात क्लार्क. त्याने ठाण्याला जाऊन गाडीचे स्प्रिंग कापून घेतले, रुंद टायर टाकले. गाडी मस्त खाली बसली! पण मागे माणूस बसला की टायर पत्र्याला घासायचा. खर्रर्र! आणि आठ दिवसांवर लग्न. नवरी सूर्यमाळची. "तुला ह्याच गाडीतून आणीन," असं तो तिला सांगून बसलेला.

आमचे मालक बाळूदादा वाकून म्हणाले, "सूर्यमाळच्या रस्त्याला ही? अरे, हिच्याखालून बेडूकपण जाणार नाही!"

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही गाडी तुझी. वरातीत आवाज आला तर परत पंक्चर काढायला बसायचं."

शाळा सोडल्यापासून मी इथे आहे. पूर्ण गाडी पहिल्यांदाच मिळाली. मी लगेच बाह्या सरसावल्या!

*

आधी नक्की कुठे घासतंय ते शोधायचं होतं. मी दादांच्या तंबाखूच्या डबीतला चुना चारी चाकांवरच्या पत्र्याच्या कडेला आतून फासला आणि मागे माणसं बसवून गाडी खड्ड्यातून फिरवून आणली. तीन चाकांवरचा चुना तसाच. उजव्या मागच्या चाकावरचा साफ पुसलेला. सापडलं!

मी पळत सांगायला गेलो, तर दादा रिकामी डबी हलवत उभे.

"गाडीचं निदान झालं. आता माझ्या तंबाखूचं काय?"

*

पत्र्याची कड आत दुमडायची होती. त्याला मशीन असतं, आमच्याकडे नाही. नीलेशने घरून मुसळ आणलं. रंग तडकू नये म्हणून मी त्याच्या बहिणीच्या केस वाळवायच्या मशीनने तो गरम केला, टायर आणि पत्र्याच्या मध्ये मुसळ धरलं आणि गाडी हळूहळू मागे-पुढे ढकलली. कड अशी सुंदर वळली!

तेवढ्यात नीलेशची आई धापा टाकत आली. "मुसळ कुठाय? हळद कुटायला बायका येऊन बसल्यात!"

मी गाडीखालून मुसळ काढून दिलं. काळंकुट्ट.

दादा म्हणाले, "घ्या वहिनी. हळदीच्या आधी ऑइल लागलं!"

*

मग टेस्ट. जीप स्टँडवरची चार दणकट माणसं बसवली आणि स्वतः चालवत जामसरपर्यंत जाऊन आलो. आवाज नाही! गॅरेजात शिरतानाच मी ओरडलो, "पाच माणसं! आवाज नाही!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा म्हणाले, "अरे, हा बोलतो पण!"

*

लग्नाच्या दिवशी दादांनी मला बाईक घेऊन गाडीच्या मागे पाठवलं. लग्न झालं. नवरी निघाली. गाडी चालवायला जीप स्टँडवरचा एक ड्रायव्हर होता.

आणि तिथेच माझी चूक कळली. मी पाच माणसं मोजली होती. पण आमच्याकडे गुडघा ठेवायला जागा असेल तर कोणी कोणाला नाही म्हणत नाही! जीपमध्ये न मावलेले सगळे गाडीत शिरले. मोजले तर नऊ.

पहिल्याच वळणावर खर्रर्र! गाडी थांबली. मी बाईक लावून पळत पुढे गेलो.

"दोघंतिघं उतरा ना," मी कसंबसं म्हणालो.

नवरीची आत्या म्हणाली, "मी पाठराखीण. नवरीला सोडून उतरू?"

तिचे मामा म्हणाले, "मामाला उतरवतोस? बघ हां!"

पोरं झोपल्याचं सोंग करून पडली.

तेव्हा नवरी पहिल्यांदा बोलली. "घासतंय कुठल्या बाजूला?"

"उजव्या. मागच्या," मी म्हणालो.

तिने मान वळवून उजवीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

गाडी पुढे निघाली. खड्डा आला, दुसरा आला, वळण आलं. आवाज नाही! मी बाईकवर आनंदाने ओरडत होतो. जव्हारपर्यंत एकदाही घासलं नाही!

घरासमोर दादा कान देऊन उभे होते. गाडी थांबताच म्हणाले, "पास!"

नीलेशची आई भाकरतुकडा घेऊन पुढे आली. दार उघडलं. नवरी उतरली, आत्या उतरली, मामा उतरले, पोरं उतरली. आईने आत वाकून पाहिलं.

"अगं, नवरा कुठाय?"

नवरीने पदर सारखा केला आणि माझ्या बाईककडे बोट दाखवलं.

"ते काय, येतायत. गाडीला घासत होते."