चाळीस थेंबांची भीती

बत्तिसाव्या वर्षापर्यंत मी लग्नाचं नाव काढू देत नव्हतो. आई म्हणे, पोट्ट्याच्या मनात कोणी असेल. बाबा म्हणत, नुसते नखरे आहेत. खरं कारण मी मेलो तरी सांगतलं नसतं. मी हस्तमैथुन करत होतो, अन् त्यानं आपण बाद झालो, अशी माझी पक्की समजूत होती.

मी उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका रोलिंग मिलमध्ये कामाले. मिलच्या रस्त्याच्या भिंती गुप्तरोगवाल्या वैद्यांनी रंगवलेल्या. चाळीस थेंब रक्त जळते तेव्हा वीर्याचा एक थेंब बनते, हे तिथं वाचलं अन् डोक्यात घट्ट बसलं. त्या मापानं माझ्या अंगात रक्त उरायलेच नको होतं. असा माणूस कोणाच्या पोरीच्या गळ्यात कसा बांधायचा?

त्यात बीरगांवचं एक स्थळ आलं. पोरगी शाळेत शिकवायची, मले मनापासून आवडली, पण आठ महिने मी हो म्हणलं नाही, नाहीही म्हणलं नाही. तिचे वडील जयंतीले बुद्धविहारात रक्तदान शिबिर भरवत. त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, रीतच पडली होती, नवा जावई पहिल्या खाटेवर. ते घरी येऊन म्हणाले, "लग्नाचं मागून पाहू. यंदा पहिली पिशवी तुमची."

आता सुई टोचली का सगळं उघडं पडणार. मी आठ दिवस बीट अन् गूळ-शेंगदाणे असे हाणले का आईले वाटलं पोटात जंत झाले.

शिबिरात पिकल्या केसांच्या नागपूरकडच्या डॉक्टरबाई होत्या. बोट टोचून म्हणाल्या, "हिमोग्लोबिन पंधरा. मस्त आहे."

"मशीन पुन्हा लावून पाहा ना, मॅडम."

"काहून?"

जवळ कोणी नव्हतं. मी मान खाली घातली अन् सगळं सांगून टाकलं.

त्या हसल्या नाहीत. "भाऊ, वीर्य रक्त जाळून बनत नाही. शरीर ते रोज बनवतच राहते. हस्तमैथुनानं कमजोरी येत नाही, अन् लेकरं व्हायचंही अडत नाही. हो, त्याच्यापायी कामधंदा सुटून राहिला, किंवा दुखलं, गाठ लागली, लघवीत रक्त दिसलं, तर लाज सोडून डॉक्टरकडे जायचं. भिंती वाचत नाही बसायचं. झोपा आता खाटेवर."

पिशवी भरून राहिली होती अन् मी खाटेवर एकटाच हसून राहिलो होतो. इतकं हलकं मले कधीच वाटलं नव्हतं. होणारे सासरे घाबरले, "चक्कर येते का?" मी म्हणलं, "नाही जी. तारीख काढा."

लग्नानंतर एका दुपारी मी बायकोले हे सगळं सांगतलं. बीट अन् जंतापर्यंत येईस्तोवर ती पोट धरून हसली, डोळ्यातून पाणी आलं तिच्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ते आठ महिने मी रोज आरशात पाहत होती, माझ्यात काय कमी आहे म्हणून."