दोन माइकांचा ॲम्प्लिफायर
लोणावळ्यातले आमचे शेजारी बायकोच्या गाण्याचे मोठे चाहते. ती गायला लागली, की हे कौतुकाने बोलायला लागत. घरी रियाजाला आणि बाहेर कार्यक्रमाला चालेल असा छोटा ॲम्प्लिफायर घ्यायला त्यांनी मला पुण्याला नेलं. दुकानदाराने एका माइकचा दाखवला.

"छे, दोन हवेत! एक हिच्या गाण्याला, एक माझ्या निवेदनाला."

वडगावच्या उत्सवात निवेदन संपेचना. मागून कुणीतरी ओरडलं, "आवो, वैनींना गाऊ द्या की!"

हे हसले आणि बोलतच राहिले. वहिनींनी शांतपणे हात लांबवून त्यांच्या माइकचं बटण बंद केलं आणि अभंग सुरू केला. यांचे ओठ बराच वेळ हलत होते. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा उठून नमस्कार मात्र यांनीच केला.