लुपेसिना आणि धबधब्याकाठची जागा

वीस वर्षं ज्यानं साधी खुशाली विचारली नाही, असा भाचा-पुतण्यांपैकी कुणी भाड्याची व्हॅन घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, चल, तुला बेटाला चक्कर मारून आणतो, तर तुम्ही बसाल त्या गाडीत?

लुपेसिना बसली. हौसेनं नाही, पाळत ठेवायला. एकसष्ट वर्षांची बाई, चटया विणून विणून बोटं वाकडी झालेली, पण नजर सरळ. सावाई बेटावरच्या तिच्या घराण्याची प्रमुख तीच, त्यामुळे जमिनीबद्दल शेवटचा शब्द तिचा. गावामागचा धबधबा त्याच जमिनीत येतो. वर्षभरात दोन हॉटेलवाले बिस्किटांचे डबे घेऊन येऊन गेले होते. तिनं डबे ठेवून घेतले आणि माणसं परत पाठवली.

आणि आता हा एटुआले, ऑकलंडहून आलेला, तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. सोबत बायको फेतु. मागच्या सीटखाली झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेली एक पेटी. वळण आलं की एटुआले एक हात मागं नेऊन पेटी सावरायचा. काय आहे म्हणून लुपेसिनानं विचारलं, तर फेतु घाईघाईनं म्हणाली, भांडी आहेत. भांड्यांना कुणी इतकं जपतं? मोजणीचं यंत्र असणार, लुपेसिनानं मनाशी ठरवून टाकलं.

उत्तरेला काळा दगड लागला. पणजीच्या काळात डोंगरानं ओकलेला, लाटा तशाच्या तशा गोठून समुद्रापर्यंत गेलेल्या. त्याच्याखाली गावं गाडली गेलीत, आणि कुणाची शेतं कुठं हे आम्ही अजून सांगू शकतो. एटुआलेनं गाडी थांबवली. आपली हद्द कुठून कुठपर्यंत, त्यानं विचारलं. लुपेसिनानं मुद्दाम बोट दाखवलं ते दोनशे पावलं पलीकडे, दुसऱ्याच घराण्याच्या दगडाकडे. त्यानं लगेच फोटो काढला. बघा, म्हणजे हवं ते हेच होतं.

 फेतुनं नारळाच्या दुधातल्या पाल्याच्या पुरचुंड्या पुढं केल्या, तिनं नको म्हटलं. शत्रूचं खाल्लं की जीभ सैल होते.

दुपारी ते तिच्याच धबधब्यावर पोचले. एटुआले उतरला आणि डोहापासून फणसासारख्या फळांच्या एका जुन्या झाडापर्यंत पावलं मोजत गेला. लुपेसिना खडकावर बसून भाजलेलं अळकुडं खात होती, तीही पावलं मोजत होती. मग तो पेटी घेऊन आला, समोर मांडी घालून बसला आणि कापड सोडलं.

आत हाडं होती. धुऊन, पुसून, एकेक नीट लावलेली.

"आत्या, बाबांना आणलंय. त्यांना इथं ठेवायचंय, या झाडाखाली."

घास तिच्या तोंडात तसाच राहिला. आठ वर्षं परक्या मातीत पडलेला भाऊ हातभर अंतरावर. डोळे भरले, पण डोकं जागेवर राहिलं. आमच्या बेटावर जमिनीचा तंटा निघाला की कागदाआधी थडगं बघतात. ज्याचा बाप जिथं पुरलेला, त्याचा पाय तिथं. हे पोराला कुणीतरी शिकवलेलं दिसत होतं.

"इथंच पुरा, असं तो स्वतः म्हणाला?"

"त्यांची शेवटची इच्छा होती."

"तुझा बाप या डोहात बुडत होता, सात वर्षांचा असताना. मी झिंज्या धरून बाहेर ओढला. त्यानंतर पाण्याचा आवाज आला तरी वाट बदलायचा. आणि मेल्यावर इथं झोपतो म्हणाला? कुणाला शिकवतोस?"

एटुआले बोटांनी कापडाच्या दशा ओढत राहिला. बोलली ती फेतु, नवऱ्याकडे न बघता.

"सांगून टाका आता. आत्या, ऑकलंडला एक हॉटेलवाला भेटला होता. म्हणाला, बापाचं थडगं तिथं असलं की जमीन द्यायला तुमचीही सही चालेल."

लुपेसिना ओरडली नाही. बहिणीला न विचारता भावाला उकरलं, एवढंच एकदा म्हणाली, आणि त्यावर एटुआलेची मान जी खाली गेली ती वर आली नाही. तिनं डोहात हात धुतले, पेटी उचलली, पुढच्या सीटवर बसून मांडीवर घेतली.

"चल. सावकाश चालव. आमच्या आईच्या थडग्याशेजारी, माझ्या दारात जागा आहे. खड्डा तू खणायचास. मुलगा आहेस, तेवढा हक्क तुझा."

दिवस मावळायच्या आत त्यानं तो खणला, तळहात फुटेपर्यंत. तिनं एकदाही कुदळ धरली नाही, पण शेवटपर्यंत तिथून हललीही नाही. धबधब्यावर कुणाचंच थडगं नाही.

तो हॉटेलवाला अजून फिरतोय, परदेशातल्या आमच्या पोरांना गाठतोय. उद्या तुमच्याकडे येईल, धबधब्याचे फोटो दाखवेल, भागीदार व्हा म्हणेल. पैसे देण्याआधी एवढं करा: आमच्या गावात या, आणि लुपेसिनाला तोंडावर विचारा.