चौतिसाव्या मिनिटाचा गोल

आमच्या फाएतानो गावच्या कॅफेत त्या काळी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी "जिंकले का?" असं विचारत नसे. "किती झाले?" एवढंच विचारत. सात, नऊ, सहा असं काहीतरी उत्तर येई आणि विचारणारा कॉफीतली साखर ढवळायला लागे. आमच्या सान मारिनोच्या अठरा वर्षांखालच्या संघात नेव्हिओ मुलारोनीची निवड झाली तेव्हा त्याच्या आईने शेजारणीला ती बातमी जरा दबक्या आवाजातच सांगितली, पोरगं काठावर पास झाल्यासारखी.

संघ म्हणजे अठरा-वीस पोरं. एकजण नळ दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली होता, दोघं वर किल्ल्यापाशी पर्यटकांना पिझ्झा वाढत, बाकीचे शाळेत. जर्सी मोठ्यांच्या संघाने आदल्या वर्षी वापरलेल्या. नेव्हिओ ताडमाड उंच, त्याला त्या बसत. लोरिस झोंझिनीला मात्र गुडघ्यापर्यंत येत. तो त्या चड्डीत खोचायचा, त्यामुळे पोटाला गाठोडं बांधल्यासारखा दिसायचा. हे दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. लोरिस बुटका, चपळ आणि डावखुरा, म्हणजे पायानेही डावा. कॉर्नर तोच मारायचा. सामन्याआधी आमचं राष्ट्रगीत वाजे. त्याला शब्द नाहीत. समोरचे छाती भरून गात आणि आमची पोरं हात मागे बांधून, मास्तर वर्गात यायची वाट पाहावी तशी उभी असत.

नेव्हिओचे वडील सेत्तिमिओ जमिनीच्या नोंदणी कचेरीत कारकून होते. देश एवढासा, त्यात डोंगरउतार, त्यामुळे हातभर जमिनीवरून भावाभावांत बोलणं तुटे. भांडणारे त्यांच्या टेबलाशी येत, शपथा घेत, म्हातारे साक्षीला आणत. सेत्तिमिओ सगळ्यांचं ऐकून घेत आणि कपाटातून नकाशा काढत. "माणसं विसरतात," ते म्हणत, "बांधाचे दगडही सरकतात. कागद जागचा हलत नाही." मुलाचा खेळ पाहायला ते कधी गेले नव्हते. रविवारी घाम गाळून हरायला जायचं, हे त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं.

१९९१च्या ऑक्टोबरात युरोपियन स्पर्धेतल्या सामन्यासाठी फिनलंडचा संघ आला, तेव्हा नेव्हिओच्या आईचा पाय मुरगळलेला होता. म्हणून गाडी घेऊन सेत्तिमिओंना सेर्राव्हाल्लेच्या मैदानावर यावं लागलं. परत जाऊन पुन्हा घ्यायला येण्यात पेट्रोल जाणार, म्हणून ते थांबले. वरच्या पायरीवर, टोपी घालून, छत्री शेजारी ठेवून बसले.

अर्ध्या तासात तीन गोल झाले होते. चौतिसाव्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला, तोही समोरच्याच्या चुकीने. लोरिसने डाव्या पायाने चेंडू आत वळवला. नेव्हिओ धावत आला, फिनलंडच्या चार नंबरच्या पाठीमागून उसळला आणि नेव्हिओच्याच कपाळाच्या डाव्या बाजूला, भुवईच्या जरा वर, चेंडू लागला. लागला तो असा की डोळ्यापुढे पांढरं झालं. खाली पडल्यावर त्याला आधी जाळी हललेली दिसली आणि मग आवाज ऐकू आला. पन्नाससाठ माणसांचाच आवाज, पण त्या मैदानाने तो तोवर ऐकलेला नव्हता.

पोरं त्याच्या अंगावर पडली. सगळ्यात वर लोरिस होता.

सामना पाच-एक असा हरलो. शेवटची शिट्टी झाली तशी पोरं आत गेली, नेव्हिओ मात्र कुंपणाशी गेला, कारण वडील पायऱ्या उतरून तिथे आले होते. सेत्तिमिओंनी जाळीवरून हात घातला आणि त्याच्या ओल्या केसांवर ठेवला.

"डोकं दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"दुखत असणार," ते म्हणाले, आणि हात बराच वेळ काढला नाही.

घरी जाताना ते वाटेत बोर्गो गावातल्या बारपाशी थांबले आणि त्यांनी मुलासाठी न विचारता वाइनचा छोटा ग्लास मागवला. पुढचे तीन-चार आठवडे नेव्हिओला कॅफेत कॉफी फुकट मिळाली. पाद्रीबाबांनी प्रवचनात एका पोराने लोळवलेल्या राक्षसी गोलियाथची गोष्ट सांगितली आणि सांगताना दोनदा त्याच्याकडे पाहिलं. त्या स्पर्धेत आमच्या संघाने केलेला तो एकच गोल होता.

फेब्रुवारीत स्पर्धेच्या निकालांची अधिकृत पत्रिका छापून आली. नेव्हिओ ती अंगणातच उघडून बसला. आमच्या पानावर लिहिलं होतं: सान मारिनो १, फिनलंड ५. ३४व्या मिनिटाला स्वयंगोल, फिनलंडचा चार नंबर.

सेत्तिमिओंनी चष्मा लावून ती ओळ वाचली. मग पत्रिका मिटून टेबलाच्या कडेला नीट सरळ ठेवली.

"चेंडू तुझ्या डोक्याला लागला होता का?"

"लागला होता. तुम्ही तर बघत होतात."

"मी लांब होतो," सेत्तिमिओ म्हणाले. "कागदावर तसं नाही."

तो विषय त्यांनी परत काढला नाही. कॅफेत कोणी अजून गोलाचं नाव काढलं तर ते शांतपणे सांगत की तो समोरच्याचाच होता, तशी नोंद आहे. त्यांच्या मनात मुलाला खोटं पाडायचं नव्हतं. दुसऱ्याची जमीन आपली म्हणू नये, एवढंच त्यांना कळत होतं. पण नेव्हिओला ते शेजारच्या टेबलावर ऐकू जाई. फुकटची कॉफी बंद झाली. पोरं त्याला काही दिवस "फिनलंड" म्हणून हाक मारत, मग तेही थांबलं.

मोठ्यांच्या संघात त्याला बोलावणं आलं नाही. तो फरशीच्या कारखान्यात भट्टीवर लागला आणि तिथेच राहिला. लियानाशी लग्न झालं, मुलगी झाली, ती मोठी होऊन बोलोन्याला शिकायला गेली. आई गेल्यावर सेत्तिमिओ त्यांच्याकडेच राहायला आले. बापलेकांचं बोलणं होई ते हवेचं, सरपणाचं, दाताच्या डॉक्टरचं. रविवारी दुपारी चौघं पत्ते खेळत. एका बाजूला नेव्हिओ आणि लियाना, दुसऱ्या बाजूला सेत्तिमिओ आणि त्यांचा जोडीदार लोरिस. लोरिस विमा विकायचा, बोलका होता, येताना दर वेळी काहीतरी गोड घेऊन यायचा. म्हाताऱ्याला तो फार आवडे. "हा पोरगा हातातलं पान चेहऱ्यावर दाखवत नाही," ते कौतुकाने म्हणत.

आपलं काय चुकलं, हे कोडं नेव्हिओला आयुष्यभर सुटलं नाही. गोल गेला याचं दुःख कधीच बोथट झालं होतं. बोचत होतं ते निराळंच. बापाने एका छापील ओळीवर विश्वास ठेवला आणि पोटच्या पोराला साधं पुन्हा विचारलंही नाही. २०१२च्या थंडीत सेत्तिमिओ छातीच्या विकाराने गेले. शेवटच्या आठवड्यात नेव्हिओ रोज त्यांच्या उशाशी बसे. दोनदा तो विषय त्याच्या ओठांवर आला आणि दोन्ही वेळा त्याने उशी सारखी केली.

त्या सामन्याला तीस वर्षं झाली तेव्हा जुन्या पोरांनी माँतेजार्दिनोच्या खाणावळीत रविवारचं जेवण ठरवलं. चौदा जण आले. रश्श्यातल्या पास्सातेल्ली शेवया झाल्या, ससा झाला, लाल वाइनच्या सुरया फिरल्या. पोटं सुटलेली माणसं पुन्हा एकमेकांना शाळेतल्या नावांनी हाका मारायला लागली. कोणीतरी ती पत्रिका आणली होती. ती हातोहात फिरत नेव्हिओपर्यंत आली तेव्हा कोणी म्हणालं, "फिनलंड, तुझं पान बघ." सगळे हसले, तोही हसला.

लोरिसचा चेहरा वाइनने लाल झाला होता. तो म्हणाला, "अरे, खरं सांगू का? सामना संपल्यावर, नोंदी लिहिणाऱ्या त्या स्विस साहेबाने आत जायच्या बोळात मला विचारलं होतं, गोल कोणाचा लिहू? मी सांगितलं, माझा! सरळ कॉर्नरवरून गेला! तेवढ्यात त्यांचा कॅप्टन तिथून चालला होता. साहेबाने त्यालाही विचारलं, तो म्हणाला, आमच्या पोराच्या खांद्याला लागून गेला. मग साहेबाने काय लिहायचं ते लिहिलं. मलाही नाही, यालाही नाही!"

टेबलावर हास्याचा फवारा उडाला. नेव्हिओने काटा ताटात ठेवला. तो त्या वेळी बोळात नव्हता. कुंपणाशी होता, वडिलांचा हात डोक्यावर घेऊन.

मंगळवारी संध्याकाळी लोरिस आपण होऊन त्याच्या घरी आला. नेव्हिओ अंगणात सरपण रचत होता. लोरिसनेही दोन ओंडके उचलून दिले.

"माझं डोकं लागलेलं तू बघितलं होतंस का?" नेव्हिओने विचारलं.

लोरिसने हात झटकले. "बघितलं होतं."

"मग?"

"सतरा वर्षांचा होतो रे. वाटलं, तू उंच आहेस, तुला अजून चार मिळतील. मला कोण देणार होतं?"

नेव्हिओने पुढचा ओंडका उचलला. सतरा वर्षांचं पोर, अंगावर गुडघ्यापर्यंतची जर्सी. त्याला ते समजलं. लोरिस तेवढ्यावर थांबला असता, तर दोघं आत जाऊन ग्लासभर प्यायले असते आणि पुढच्या रविवारी पत्ते झाले असते. पण लोरिस मन मोकळं करायला आला होता, आणि अशी माणसं अर्ध्यावर थांबत नाहीत.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "ती पत्रिका आली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे बाबा आमच्याकडे आले होते. चालत. आमच्या मळ्याच्या नकाशाचं निमित्त काढून. माझे बाबा कागद आणायला आत गेले तसे ते मला म्हणाले, 'लोरिस, चेंडू तू मारलास, तुझी नजर त्याच्यावरच असणार. नेव्हिओचं डोकं लागलं होतं का? तू हो म्हणालास तर मी अर्ज करतो. नोंद दुरुस्त करता येते, मी चौकशी केली आहे. साक्षीदाराची एक सही लागते.'"

नेव्हिओच्या हातात ओंडका तसाच राहिला.

"तू काय सांगितलंस?"

"साहेबाला एक सांगून बसलो होतो. आता दुसरं कसं सांगू? म्हटलं, मला दिसलं नाही."

"मग?"

"'बरं' म्हणाले. टोपी घातली आणि गेले."

वरच्या रस्त्याने एक बस गेली. ती वळण घेऊन दिसेनाशी झाली, तेव्हा नेव्हिओने ओंडका खाली ठेवला.

"तू त्यांच्याबरोबर पत्ते खेळलास," नेव्हिओ म्हणाला. "इतकी वर्षं. त्यांचा जोडीदार होऊन."

"मला वाटायचं, ते विसरले असतील."

"ते कधी काही विसरले होते का?"

लोरिसने आणखी एक ओंडका उचलून पुढे केला.

"जा आता," नेव्हिओ म्हणाला. आवाज चढवला नाही. लोरिस फाटकाशी थांबून मागे वळला, तोवर त्याने पुन्हा सरपण रचायला घेतलं होतं.

आत आल्यावर त्याने लियानाला सगळं सांगितलं. सांगताना त्याने दोनदा बाहीने डोळे पुसले. ती भांडी पुसत ऐकत होती.

"ते गेले तेव्हा तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं," ती म्हणाली.

"तेव्हा मला वाटत होतं, त्यांनी कागद सोडून कोणाला विचारलंच नाही."

लियानाने फडकं खाली ठेवलं आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

लोरिसने मग त्याला सुचलं ते केलं. तारीख, मिनिट, आपलं नाव, दोन जुन्या पोरांच्या सह्या, असं सगळं पत्र नीट टाइप करून तो फुटबॉल संघटनेच्या कचेरीत घेऊन गेला. तिथली मुलगी सामना झाला तेव्हा जन्मलीही नव्हती. तिने पत्र वाचलं, स्पर्धा भरवणाऱ्यांकडे पाठवलं, आणि महिनाभरात तिकडून होकार आला. संगणकावर नाव बदलायला तिला दोन मिनिटं लागली असतील. छापील प्रत पाकिटातून नेव्हिओच्या घरी आली: ३४व्या मिनिटाला, मुलारोनी. अक्षर न अक्षर बरोबर होतं. लियानाने विचारलं, चौकटीत लावायची का? तो म्हणाला, मुलीला पाठव, तिला हवी असेल तर. त्याच्या स्वतःच्या नजरेसमोर तो कागद त्याला नको होता. तो ज्याला दाखवायचा, तो माणूस फाएतानोच्या दफनभूमीत होता, आणि त्याने वेळेवर एक सही मागितली होती.

रविवारचे पत्ते बंद झाले. लोरिसने दोनदा मिठाई पाठवली. लियानाने ती शेजाऱ्यांना दिली.

पुढच्या वसंतात पोरांच्या संघाचा सामना होता, तेव्हा नेव्हिओ सवयीने सेर्राव्हाल्लेला गेला. लोरिस पलीकडच्या टोकाला बसला होता. त्याने हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. नेव्हिओच्या शेजारी रिमिनीहून आलेला एक माणूस होता, कोणा खेळाडूचा मामा. गप्पा मारायची त्याला हौस होती. त्याने शेंगदाण्याची पुडी पुढे केली आणि विचारलं, तुम्ही इथलेच का, कधी खेळला होतात का?

"खेळलो होतो," नेव्हिओ म्हणाला. "दोन वर्षं."

"गोल वगैरे?"

"नाही."

मामा सहानुभूतीने मान हलवून पुन्हा मैदानाकडे पाहायला लागला. तोवर चार झाले होते. मध्यंतरानंतर अजून तीन झाले.